लग्नाआधी एक वही घ्या, आणि लग्न झालं की ती माळ्यावर टाकू नका

मागच्या मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न झालं. भाऊ पिंपळगाव बसवंतकडे असतो, द्राक्षाची बाग आहे, त्यामुळे आमच्या माहेरी लग्नाची तारीख पंचांगाच्या आधी बागेला विचारावी लागते, माल गेला, व्यापाऱ्याने पैसे दिले की मग मे महिना. तर फेब्रुवारीत सुपारी फुटली आणि त्याच रात्री साडेदहाला हिचा फोन, आत्या ती तुझी लाल वही मला दे ना. मी म्हटलं बाई ती देता येणार नाही, ती अजून चालू आहे, पण कशी करायची ते सांगते. मग तिला तुकड्या तुकड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर जे सांगितलं, व्हॉइस मेसेज, पानांचे फोटो, अर्धवट टाइप केलेलं, ते आता एका जागी लिहून काढतेय कारण तिच्या दोन मैत्रिणींनीही मागितलं आणि तेच तिसऱ्यांदा बोलायचा मला कंटाळा आलाय.

आधी वहीची गोष्ट, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2001 ला माझं लग्न झालं तेव्हा अण्णांनी नाशिकच्या मेन रोडवरून लाल कापडी पाठीची जाड वही आणली होती. पुढच्या अर्ध्या भागात लग्नाचा सगळा हिशोब, बुंदी किती, तेलाचे डबे किती, मांडववाल्याला इसार किती, बस्ता केवढ्याचा, आणि मग आहेराची यादी, कोणी पातेलं दिलं, कोणी 51 रुपये. मागची अर्धी वही कोरी. आता आहेराची यादी कोणी फेकत नाही, कारण पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं की बघावं लागतं आपल्याला काय आलं होतं. तर लग्नाला तिसरं वर्ष, यांच्या चुलत बहिणीकडे वास्तुशांत, आहेर बघायला मी वही काढली आणि किती घालायचे यावरून बोलता बोलता निघालं की आमचे हे दर महिन्याला धाकट्या दिराला प्लॉटच्या हप्त्यासाठी पैसे देत होते, मला न सांगता, आणि मीही भिशी लावली होती, त्यांना न सांगता. दोघंही चोर. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, पलीकडे सासूबाई झोपलेल्या, मोठ्याने भांडायचीही सोय नाही, म्हणून कुजबुजत भांडलो, आणि मग यांनी त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, पगार, त्याखाली दिराला, त्याखाली भिशी, दूध, लाइट. पैसे जातात कुठे हे दोघांना एकाच वेळी पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून ती वही चालू आहे. पानं संपली तेव्हा भद्रकालीतल्या एका बाइंडरकडून अजून कोरी पानं जोडून शिवून घेतली.

तर कृती अशी.

वही कोणती घ्यायची

जाड, शिवलेली, स्पायरलवाली नको, पानं फाडायचा मोह होतो. पुढून लग्न लिहायचं, वही उलटी करून मागून संसार. लग्नाच्या खर्चासाठी एक्सेल करायची असेल तर खुशाल करा, बेरजा तरी चुकत नाहीत, पण मागची बाजू मोबाइलमध्ये करू नका. मोबाइल कोणातरी एकाचा असतो, त्याला पासवर्ड असतो, आणि त्यात बघता बघता माणूस रील बघायला लागतो. वही टेबलावर पडलेली असते, दोघांनाही दिसते. दोघांचंही अक्षर तिच्यात असलं पाहिजे, हा एकच नियम.

हॉल बघायला जायच्या आधीचं पान

हे पान सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळे गाळतात, कारण सुपारी फुटली की दुसऱ्या दिवसापासून गंगापूर रोडचे लॉन्स, औरंगाबाद रोडचे लॉन्स, फोटोग्राफर, प्री-वेडिंग, असं गरगर सुरू होतं आणि मग ज्यांचं लग्न आहे त्यांना काय हवंय हे कोणी विचारतच नाही, तेही विचारत नाहीत. तर मुलाने आणि मुलीने वेगवेगळं बसून लिहायचं. त्या दिवशी झाल्याच पाहिजेत अशा तीन गोष्टी, आणि अजिबात नको अशी एक. लिहून झाल्यावर मगच एकमेकांना दाखवायचं.

भाचीने लिहिलं, आजीला पहिल्या रांगेत पाठीला टेकू असलेली खुर्ची, मंगलाष्टकं आत्याने म्हणायची (माझा आवाज बरा आहे असा घरात गैरसमज आहे), आणि मला पोटभर जेवायला मिळालं पाहिजे. तिसऱ्यावर सगळे हसले पण ज्या बायकांची लग्नं झालीयेत त्या हसल्या नाहीत. जावयाने लिहिलं, वडिलांना फेटा मी स्वतः बांधणार, कंपनीतल्या मित्रांना सुट्टी असेल असा रविवार, आणि बुंदी. नको मध्ये त्याने एकच ओळ लिहिली होती, माइकवर भाषणं नकोत.

आता नाशिक जिल्ह्यात हे किती अवघड आहे ते इथल्या माणसालाच कळेल. मुहूर्त 12 वाजून 41 मिनिटांचा, नवरा-नवरी स्टेजवर, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायला लागलेत आणि तिकडे माइकवर आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे सत्कार चाललेत, टॉवेल, टोपी, शाल, नारळ, आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलायचेत. ह्याला उपाय एकच, माइक कोणाच्या हातात राहील ते आधी ठरवायचं. आम्ही तो थोरल्या मामांकडे दिला, त्यांना सांगितलं नाव घेऊन स्वागत करायचं, माइक हातातून सोडायचा नाही. लग्न 1 वाजून 10 मिनिटांनी लागलं. आमच्याकडे याला वेळेवर म्हणतात.

याच पानावर अजून एक पर्याय दोघांनी मोकळेपणाने लिहावा, साखरपुड्यातच लग्न उरकायचं का. पूर्वी लोक अडचण म्हणून करायचे, आता कळून सवरून करतात, सकाळी साखरपुडा, लगेच हळद, दुपारी अक्षता, संपलं. एक हॉल, एक जेवण. यात कमीपणा काही नाही, पण ते दोन्ही घरांनी मनापासून मान्य केलेलं असावं, नाहीतर पुढे वीस वर्षं ऐकावं लागतं की आमची हौस राहिली.

तारखेचं एक, येत्या दोन वर्षांत ज्यांचं आहे त्यांच्यासाठी. सिंहस्थ कुंभमेळा आलाय. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं. गुरू सिंह राशीत असताना गोदाकाठी लग्न करू नये असं जुनी माणसं मानतात, काही घरं मानत नाहीत. तुम्ही काय मानता त्याला महत्त्व आहेच पण दोन्हीकडच्या आजी-आजोबांना हे आत्ताच विचारून घ्या, पत्रिका छापल्यावर नको. आणि पाहुणे मुक्कामाला येणार असतील तर पंचवटी, नाशिकरोड, त्र्यंबक या बाजूला खोल्या आणि रस्ते कसे असतील याचा विचार करा.

पैसे, पण उलटे मोजायचे

सगळे वरून मोजतात, एवढे आहेत, एवढे लॉन्सला, एवढे जेवणाला, आणि शेवटी उरले तर उरले. उलटं करा. पहिली ओळ अशी लिहा, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोघांच्या हातात किती पैसे असले पाहिजेत. घराचं डिपॉझिट, गॅस, सहा महिन्यांचा किराणा, जे काही असेल ते. तो आकडा बाजूला काढून कुलूप लावायचं आणि उरेल त्यात लग्न. भाचीने हे केलं तेव्हा पहिलं काय उडालं माहितीय, ड्रोन आणि धुरातली एंट्री.

सगळ्यात मोठा खर्च जेवणाचा असतो. 350 रुपये ताट आणि 900 माणसं म्हणजे 3,15,000 झाले, आणि माणसं 900 सांगून 1,100 येतात हे धरूनच चाला. केटरर ठरवताना चव सगळे बघतात, पण लेखी काय घ्यायचं ते सांगते: ताटं मोजणार कोण आणि कशी, कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावेच लागणार, वरच्या ताटाचा दर तोच का वाढीव, उरलेलं अन्न कोणाचं. लॉन्सवाल्याकडून, जागा किती वाजेपर्यंत, जनरेटरचं डिझेल भाड्यात आहे का वेगळं, डेकोरेशनवाला बाहेरचा चालतो का, साफसफाई कोणाकडे. आमच्या एका नातेवाइकांकडे रात्री अकरा वाजता, पाठवणी झालेली, मुलीचा बाप रडून डोळे पुसतोय आणि तेवढ्यात मॅनेजर डिझेलचं वेगळं बिल घेऊन उभा. कोणाचं नाव घेत नाही, पण त्या माणसाचा चेहरा मला आजही आठवतो.

आणि एक वाक्य ऐकलं की कान टवकारायचे. "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या." हुंडा देणं आणि घेणं दोन्ही 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, सगळ्यांना माहितीय, म्हणून तो आता असा येतो, लॉन्स मोठं पाहिजे, आमची 600 माणसं, मानपान नीट, फ्रिज काय तुम्ही हौसेने द्यालच. यावर तोंडी बोलत बसू नका. वहीचं एक पान दोन रकान्यांत करा, मुलाकडचे काय करणार, मुलीकडचे काय करणार, आणि ते पान मुलाने स्वतः आपल्या आईवडिलांना वाचून दाखवायचं. मुलगा जर तिथेच म्हणाला की मी नाही बोलू शकत घरात, तर हे लग्नाआधी कळलं ते बरंच झालं.

साडीचं थोडक्यात. पैठणी घ्यायची तर येवल्याला जा, नाशिकहून एका दिवसात जाऊन येणं होतं. पदर उलटा करून बघा, हातमागाच्या अस्सल पैठणीत मोर, वेल मागच्या बाजूनेही पुढच्यासारखेच स्वच्छ दिसतात, मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती मशीनची. मशीनची घेऊ नये असं नाही, तिची किंमत अस्सलची देऊ नये.

माणसं

इथे मी उलटं सांगणार आहे. सगळे म्हणतात माणसं कमी करा. माझं म्हणणं, दिखावा कमी करा, आपली माणसं कमी करू नका. माझ्या लेकीने मला एक वाचून दाखवलं होतं, अमेरिकेत एमोरी विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी 2014 मध्ये 3,000 हून जास्त लग्न झालेल्या लोकांना विचारून अभ्यास केला, तर ज्यांनी अंगठीवर आणि लग्नावर खूप खर्च केला त्यांची लग्नं लवकर मोडण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि ज्यांच्या लग्नाला माणसं जास्त आली त्यांचं कमी. आता ते अमेरिकेचं, आणि खर्चामुळेच मोडलं असं काही त्यातून सिद्ध होत नाही, पण मला ते लगेच पटलं, कारण गल्लीत मांडव घालून पंगती उठवायचे तेव्हा नेमकं हेच होतं की, पैसा थोडा, माणसं उदंड. ज्या शेजारणींनी माझ्या हळदीला घाणा भरला, जात्यावर ओव्या म्हटल्या, त्यांच्यातल्या दोघी पुढे माझं भांडण मिटवायलाही आल्या होत्या.

म्हणून यादी करताना नावापुढे एक खूण करा, पुढच्या दहा वर्षांत आपल्या दारात अडचणीला कोण येईल. त्यांना पत्रिका हातात द्यायला जायचं, दोघांनी, स्वतः, चहा पिऊन यायचं. बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅप चालतं.

विधी: जे करायचं ते कळून

गुरुजी ठरवताना दक्षिणा विचारतो तसं हेही विचारायचं, मराठीत अर्थ सांगाल का. बरेच गुरुजी आनंदाने सांगतात, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. सप्तपदीची सात पावलं घ्या. पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं प्रजेसाठी, सहावं ऋतूंसाठी आणि सातव्याला म्हणतात सखा हो. म्हणजे बघा, जेवणापासून सुरुवात आणि मैत्रीला शेवट. मला सहावं फार आवडतं, ऋतूंसाठी पाऊल, हे ज्याने कोणी घातलं त्याने संसार केलेला असणार. आणि कन्यादानाच्या वेळी नवरा म्हणतो नातिचरामि, धर्म, अर्थ, काम यांत हिला सोडून वागणार नाही. परंपरेने हे नुसत्या नवऱ्याने म्हणायचं असतं. भाचीच्या लग्नात दोघांनीही म्हटलं, गुरुजींनी आधी जरा मान हलवली आणि मग म्हणाले म्हणा, चांगलंच आहे.

कन्यादान पटत नाही, भटजी नको, तर तेही आपल्याकडे नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, पुरोहिताशिवाय, मंगलाष्टकं मराठीत, त्यात नवरा-नवरी एकमेकांना शब्द देतात. आजही अशी लग्नं लागतात. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्याही बऱ्याच ठिकाणी वापरतात, किलोकिलो तांदूळ पायाखाली जाण्यापेक्षा बरं.

काहीही निवडा पण अर्धं अर्धं फोटोसाठी करू नका. फोटोग्राफरने "पुन्हा एकदा मंगळसूत्र घाला" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि नुसता कागद करून भागत नाही हेही लक्षात घ्या, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही, आणि लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाण्यापिण्याचा कार्यक्रम नाही असंही सुनावलं. विधी अजिबात नकोच असतील तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात आधी किमान 30 दिवस राहिलेलं असावं, नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न. तारीख ठरवताना हे दिवस आधी मोजा.

विधीवत केलं असेल तर नोंदणी 90 दिवसांच्या आत उरकून टाका. शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. वयाचे, पत्त्याचे पुरावे, पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, गुरुजींची सही. गुरुजींची सही त्याच दिवशी मांडवात घ्या, नंतर ते सापडत नाहीत, सीझनला तर नाहीच.

आता वही उलटी करा

पहिलं पान लग्नानंतर पंधरा दिवसांत लिहा, सत्यनारायण झाला, पाहुणे गेले, घरात फुलांच्या माळा सुकल्यात, तेव्हा. पाहिजे तर पाणीपुरी खाऊन या आणि मग बसा. काय लिहायचं, तर कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, बाइकचा ईएमआय, क्रेडिट कार्ड, बहिणीच्या शिक्षणाचे दिलेले शब्द, सगळं. आईवडिलांना दर महिन्याला किती द्यायचे, दोन्हीकडच्या, हो, दोन्हीकडच्या. किती रुपयांच्या वरचा खर्च एकमेकांना विचारून करायचा, तो आकडा. आमचा 2004 मध्ये 500 होता, आता 5,000 आहे.

मग घरकाम. इथे "आम्ही मिळून करू" असं लिहायचं नाही, त्याला काही अर्थ नाही. दूध तापवणं कोणाकडे, गॅस नंबर लावणं कोणाकडे, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आधी कोणाच्या लक्षात यायला पाहिजे. काम करणं सोपं असतं हो, लक्षात ठेवणं जड असतं, आणि ते बहुतेक घरांत बाईच्याच डोक्यावर असतं. आमचे हे अंबडला कंपनीत, तीन शिफ्ट, नाइटला असले की घरात पाय न वाजवता फिरायचं, तेव्हा आम्ही लिहिलं होतं, नाइटच्या आठवड्यात भाजी मी आणणार आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात हे, आणि एवढ्या एका ओळीने कितीतरी संध्याकाळी वाचल्या.

सासर-माहेरचं वेगळं पान करा. दिवाळी कुठे, सणाला कोण येणार, आई आजारी पडली तर कोण जाणार. यात एक नियम मी भाचीला ठासून सांगितला, ज्याच्या घरचं माणूस त्याने बोलायचं. सासूबाईंना काही सांगायचं असेल तर ते तिच्या नवऱ्याने सांगायचं, आणि तिच्या आईचा रोज दोन तासांचा फोन कमी करायचा असेल तर तिने. "तुझी आई" असं सुरू होणारं वाक्य आमच्या वहीत बंदच आहे. (2009 मध्ये एकदा मोडलं. मीच.)

ओ देणं

हे लिहिण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं नवरा-बायको बसवून नुसतं बघितलं, कसे बोलतात, कसे भांडतात. त्यांना असं आढळलं की एक जण सहज काहीतरी बोलतो, ते बघ पक्षी, ऐक ना आज काय झालं, तेव्हा दुसरा त्याच्याकडे वळतो का यावर पुष्कळ काही कळतं. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती ती शंभरातल्या 86 वेळा वळली होती, जी मोडली होती ती 33 वेळा. मी हे ऐकलं आणि म्हटलं याला आपल्याकडे शब्द आहे, ओ देणं. कोणी हाक मारली की ओ द्यावी, हे आजी लहानपणी मारून शिकवायची.

तर करायचं काय, घरात आल्यावर पहिली दहा मिनिटं मोबाइल ठेवून द्यायचा. "हं" म्हणजे ओ नाही. मान वर करून बघणं म्हणजे ओ. हे रोज जमत नाही, मला तर मालिकेच्या वेळी अजिबात जमत नाही, पण जमलं नाही हे तरी कळावं.

भांडायचं कसं

भांडा. न भांडणाऱ्या जोडप्यांचं मला भय वाटतं. फक्त एका वेळी एक विषय, दुधाच्या पिशवीवरून सुरू झालेलं भांडण साखरपुड्यातल्या साडीपर्यंत गेलं की थांबायचं. आवाज वर गेला की एकाने उठून बाहेर जायचं, पण "अर्ध्या तासात येतो" हे सांगून आणि खरोखर यायचं, नुसतं दार आपटून गेलेलं माणूस घरातल्याला खाऊन टाकतं. पोरांसमोर भांडण झालं असेल तर मिटलेलंही त्यांच्यासमोर दिसू द्यायचं. आणि नक्कल करायची नाही, डोळे फिरवायचे नाहीत, चारचौघांत टिंगल नाही. रागावलेलं माणूस शांत होतं, पण तुच्छतेने बोललेलं मनात राहतं, हे मी माझ्याच मावशीच्या घरात बघितलंय, चाळीस वर्षं एकत्र राहिले आणि शेवटची पंधरा वर्षं तिने त्यांच्याशी पोळी वाढण्यापुरतंच बोलणं ठेवलं. असं टिकलेलं लग्न मला नको होतं.

आणि एक गोष्ट वहीच्या बाहेरची. हात उगारला, कोंडून ठेवलं, पैसे-कागद काढून घेतले, तर तिथे बैठक नाही आणि समजूतही नाही. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला 112. माहेरच्यांनी "सांभाळून घे" हे दोन शब्द आधी स्वतःच्या तोंडातून काढून टाकावेत. मार नाही पण गुंता सुटतच नाही असं असेल तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा, लवकर जा, दात ठणकायला लागल्यावर जातो तसं नको.

वर्षातून दोनदा छाटणी

हे भावाच्या बागेतून उचललंय. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा असते. एप्रिलला खरड छाटणी, माल निघून गेल्यावर वेल पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या जाड फांद्यांपर्यंत, मागे घेतात, बाहेरच्या माणसाला वाटतं बाग गेली. त्यातून नवी काडी येते, आणि त्या काडीच्या डोळ्यात पुढचा घड त्याच उन्हाळ्यात आत तयार होत असतो, दिसत काहीच नाही. मग ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि घड बाहेर पडतात. त्यानंतर पुन्हा विरळणी, चांगले दिसणारे मणीही काढून टाकायचे, नाहीतर उरलेल्यांना जागा नाही.

आम्हीही त्याच दोन महिन्यांत बसतो, भावाचा छाटणीचा फोन आला की लक्षात येतं. सकाळी लवकर निघायचं, मिसळ खायची, मग सोमेश्वरला जाऊन झाडाखाली वही उघडायची, पाऊस नुकताच संपलेला असला तर धबधब्याचा आवाज असतो, एकमेकांचं नीट ऐकू येत नाही म्हणून जवळ बसावं लागतं. एप्रिलला लिहायचं काय बंद करायचं. कधी एखादी भिशी, कधी दर रविवारी कोणाकडे तरी जाणं, एकदा यांचा ओव्हरटाइम, 12,000 रुपये महिन्याला कमी झाले आणि आम्ही ते दोघांनी सही करून कमी केले. ऑक्टोबरला लिहायचं येत्या सहा महिन्यांत काय व्हायला पाहिजे. जास्तीत जास्त तीन ओळी. त्यापेक्षा जास्त लिहिल्या की एकही होत नाही, 2012 चं पान बघा म्हणावं, अकरा ओळी आहेत, त्यात मी कथ्थक शिकणार असंही लिहिलंय.

आधीचं पान वाचायचं मात्र नेहमी. कोण चुकलं ते बघायला नाही, आपण तेव्हा कशाला घाबरत होतो ते बघायला. 2007 च्या पानावर सलग तीनदा "घर" असं लिहून खोडलंय.

भाचीच्या वहीचा परवा फोटो आला. मागच्या बाजूचं पाचवं पान. तिच्या अक्षरात, नाइट शिफ्टला डबा दोन भाज्यांचा नको, एकच. खाली त्याच्या अक्षरात, आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार, मी, शनिवार. आणि त्याखाली पुन्हा तिचं, मी त्या दिवशी जेवले नव्हते, बुंदीपण नाही, केटररने पाच ताटं बाजूला ठेवली होती ती कुणी खाल्ली ते शोधणे. त्यापुढे त्याने लिहिलंय, मामा.